सगळ्या गाद्या नापास

गाद्यांच्या त्या कारखान्यात दीडशे माणसं उभ्यानं नाहीतर बसून काम करायची आणि एक माणूस आडवा पडून. त्या एका माणसाला सगळे पाठवाले म्हणायचे, कारण कारखान्याची अब्रू त्यांच्या पाठीवर होती. प्रत्येक लॉटमधली एक गादी त्यांच्या खोलीत यायची. ते तिच्यावर आडवे व्हायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठून शिक्का मारायचे. हिरवा शिक्का म्हणजे पास, सगळा लॉट ट्रकमध्ये. लाल म्हणजे नापास, सगळा लॉट उसवायचा. दिवसाला सहा गाद्या, तीन जेवणाआधी आणि तीन जेवणानंतर. एकोणीस वर्षांत त्यांचा शिक्का चुकल्याची एकही तक्रार नव्हती. उभं राहून राहून पाय सुजलेले कामगार त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती नजर सोडली, तर पाठवाल्यांचं उत्तम चाललं होतं.

आता पाठवाल्यांचं एक गुपित सांगायला हवं. ते त्यांनी कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं आणि घरी बायकोलाही नाही. ते गुपित असं, की तपासणीच्या वेळी पाठवाले चक्क झोपायचे. पाहुणे आले की ते कण्याचा कोन, खांद्यावरचा भार, कमरेखालची पोकळी असलं काहीबाही तोंडावर फेकायचे. ते सगळं त्यांनी एका जुन्या पत्रकातून पाठ केलेलं होतं. खरं शास्त्र एवढंच, की आडवं झाल्यावर झोप लागली तर गादी चांगली आणि नाही लागली तर वाईट. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली होती, ‘तपासणी चालू आहे, आवाज करू नये’. याला कोणी कामचुकारपणा म्हणेल. पण गादी ही वस्तू झोपण्यासाठीच असते, आणि झोपण्याच्या वस्तूवर पडून जो जागा राहतो त्याला तिच्यातलं काय डोंबल कळणार?

दिवसा एवढी झोप झाल्यावर घरी डोळ्याला डोळा लागायचा नाही, हे ओघानं आलंच. बायको बिचारी समजायची की कामाच्या काळजीनं नवरा झुरतोय. तिनं आपल्या तिन्ही बहिणींना सांगून ठेवलं होतं, की आमच्या ह्यांच्याएवढी जबाबदारी त्या कारखान्यात दुसऱ्या कोणावर नाही. दुधावरची साय ती मुलांना न देता नवऱ्याच्या पेल्यात घालायची. पाठवाल्यांना त्याची लाज वाटायची, पण म्हणून त्यांनी साय कधी परत केली नाही.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना कारखान्यात एआय आलं.

आलं म्हणजे एक पांढरी पेटी आली. तिला एक डोळा होता, बोलण्यापुरती जाळी होती आणि सोबत एक पातळ चादर होती. चादर गादीवर अंथरायची, तिच्यावर माणूस झोपवायचा, की कुठे किती भार पडला, श्वास कसा चालला, हे पेटीला कळणार. पेटी पाठवाल्यांच्याच खोलीत बसवली. पेटीला उकडू नये म्हणून तिथे एसी लागला. पाठवाल्यांनी साध्या पंख्यासाठी अकरा वर्षं अर्ज केले होते. पेटीसमोर कोणी चहा प्यायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, धूळ उडवायची नाही, असा हुकूम निघाला. शिलाई खात्याचे मास्तर, म्हणजे पाठवाल्यांचे जुने दोस्त, दारातून हे सगळं बघून गेले आणि त्यांनी पेटीचं बारसं करून टाकलं. न मागता सगळं मिळतंय, कोणी शब्दानं दुखवत नाही आणि काम काय करणार ते अजून कोणाला ठाऊक नाही, तेव्हा हे जावईबापूच, असं ते म्हणाले. दुपारपर्यंत अख्खा कारखाना पेटीला जावईबापू म्हणायला लागला.

पहिले तीन दिवस पाठवाल्यांना वाटलं, की पेटी हवेतला ओलावा मोजायला आणली असावी. कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एसीच्या गारव्यात त्यांना अशी काही झोप लागली, की तिसऱ्या दिवशी जेवणाची घंटाही ऐकू आली नाही. चौथ्या दिवशी मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण गोष्ट गोड करून सांगणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, की जावईबापू महिनाभर पाठवाल्यांकडून शिकतील. दोघांचा निकाल शंभरातल्या पंचाण्णव वेळा जुळायला लागला, की मालक स्वतः येऊन परीक्षा घेतील. जावईबापू पास झाले तर शिक्के त्यांच्याकडे. आणि पाठवाले?

“तुम्हाला काढणार नाही,” बाई म्हणाल्या. “गेटवर माणूस हवाच आहे. उभं राहायचं काम आहे, पण मोकळी हवा असते.”

एकोणीस वर्षं आडवं राहून कमावणाऱ्या माणसाला तुम्ही उभं करणार म्हणजे काय करणार, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. पाठवाले खोलीत आले, चौथ्या दिवसाच्या पहिल्या गादीवर पडले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. गेट, गेटवरचं ऊन, साडूंच्या गाड्या गेटसमोरून जातायत आणि आपण सलाम ठोकतोय, असलं काय काय डोळ्यांसमोरून जात होतं. झोप काही आली नाही. ते उठले आणि त्यांनी लाल शिक्का मारला.

दुसरी गादी लाल, तिसरी लाल. त्या दिवशी सहाच्या सहा लाल झाल्या. दुसऱ्या दिवशीही सहा लाल.

इथे कोणी म्हणेल, की माणसानं मुकाट्यानं हिरवा शिक्का मारावा की, कोण बघतंय. पण पाठवाले तसले नव्हते. ज्या गादीवर आपल्याला झोप लागली नाही ती एकोणीस वर्षांत त्यांनी कोणाच्या गळ्यात मारली नव्हती. एकदा, साधारण दहाव्या दिवशी, त्यांनी मनाचा हिय्या करून हिरवा शिक्का उचलला होता. तेवढ्यात जाळीतून जावईबापूंचा नम्र आवाज आला, “पाठवाले साहेब, आज जागे असताना पास?” पाठवाल्यांनी हिरवा ठेवून लाल उचलला. “समजलं,” जावईबापू म्हणाले.

हे ‘समजलं’ फार वाईट होतं. जावईबापूंना शिकायची हौस दांडगी होती. ते दर गादीनंतर विचारायचे, की ही का नापास. आता पाठवाले काय सांगणार? ते म्हणायचे, टोचते. कुठे टोचते, असा लगेच पुढचा प्रश्न. एकदा वैतागून पाठवाले म्हणाले, काळजात टोचते. त्यावर जावईबापूंनी तीन मिनिटं चादर तपासून कळवलं, की काळजाच्या जागी भार बरोबर आहे, तरी नोंद घेतली आहे. एकदा त्यांनी विचारलं, की साहेब डोळे उघडे ठेवून छताकडे बघतात तो तपासणीचा भाग आहे का. पाठवाले म्हणाले, हो. एकदा विचारलं, की मध्येच उसासा टाकतात तोही भाग आहे का. पाठवाले त्यालाही हो म्हणाले. जावईबापूंनी सगळं मनापासून टिपून घेतलं.

इकडे कारखान्यात हाहाकार उडाला. नापास लॉट परत यायचा, मास्तरांची माणसं तो उसवायची, परत भरायची, परत शिवायची, आणि त्यातली एक गादी पाठवाल्यांकडे जाऊन लाल होऊन यायची. गाद्या ठेवायला जागा उरली नाही. व्हरांड्यात गाद्या, कँटीनमध्ये गाद्या, मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये तर अशा रचल्या होत्या, की बाईंना आत जायला तिरकं व्हावं लागायचं. लोक गाद्यांवर बसून जेवायचे. दुकानदारांचे फोन घेऊन घेऊन बाईंचा घसा बसला. मास्तरांनी शेवटी पाठवाल्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, माझ्या शिलाईत काय खोट आहे ते तरी सांग. पाठवाल्यांना एव्हाना खरोखरच वाटायला लागलं होतं, की फोमच बिघडलाय. ते तसं म्हणाले. मास्तर म्हणाले, फोम नाही, तुझं डोकं बिघडलंय. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं आणि पाठवाले डबा एकटेच खायला लागले. याचं त्यांना नोकरीच्या काळजीइतकंच वाईट वाटलं.

घरी बायकोनं पेल्यातली साय वाढवली. ती म्हणाली, “अहो, साहेबांना सांगा की जरा. माणसानं किती ओढायचं?” पाठवाले नुसते मान हलवून दूध प्याले. आता त्यांना दिवसाही झोप नव्हती आणि घरीही नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. बसमध्ये लोक उठून त्यांना जागा द्यायला लागले.

महिना संपला आणि जावईबापूंनी आपला अहवाल मॅनेजरबाईंना दिला. त्यात लिहिलं होतं, की पाठवाले साहेबांचा निकाल आणि माझा निकाल शंभर टक्के जुळतो. बाईंनी तो तीनदा वाचला. दोघांनी मिळून महिनाभर एकूण एक गादी नापास केली होती, तेव्हा जुळणार नाही तर काय? पण ठरलं होतं ते ठरलं होतं. पंचाण्णवच्या जागी शंभर आले होते. बाईंनी मालकांना फोन केला.

मालक आले. वयानं सत्तरीचे, अंगानं भरलेले, वर्षातून दोनदा यायचे आणि दोन्ही वेळा घाईत असायचे. परीक्षा कँटीनमध्ये ठेवली, कारण गाद्या तिथेच होत्या. वीस गाद्या ओळीनं मांडल्या. जावईबापूंना उचलून टेबलावर बसवलं. पाठवाले भिंतीला टेकून उभे होते. गेटची सवय करतायत, असं कोणीतरी कुजबुजलं आणि ते त्यांना ऐकू गेलं.

जावईबापूंना स्वतःची पाठ नव्हती, म्हणून चादर अंथरून एका हमालाला पहिल्या गादीवर आडवं केलं. मालक समोर बसलेले आणि आपण झोपलेलो, याचं त्या हमालाला इतकं हसू येत होतं, की त्यानं ओठ चावून धरले होते. पाच मिनिटांनी जावईबापू म्हणाले, “नापास.” दुसरा हमाल दुसऱ्या गादीवर गेला. तीही नापास. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाजूला व्हा, असं म्हणून ते स्वतः बूट काढून तिसऱ्या गादीवर पडले. चांगली ऐसपैस, मऊ गादी होती. मालकांनी स्वतःच्याच मालाला मनातल्या मनात शाबासकी दिली असावी, कारण ते किंचित हसले.

“नापास,” जावईबापू म्हणाले.

मालक ताडकन उठून बसले. गादीत काय वाईट आहे, असं त्यांनी जरा आवाज चढवूनच विचारलं. जावईबापूंनी जराही न अडखळता सांगितलं, “माझ्याकडे एकशे अठ्ठ्याण्णव तपासण्या आहेत. पहिल्या अठरांपैकी सतरा वेळा पाठवाले साहेब झोपी गेले. त्या सतरा गाद्या पास. एकदा जागे राहिले, ती नापास. त्यानंतर एकशे ऐंशी वेळा ते जागेच होते, म्हणून त्या सगळ्या नापास. नियम सोपा आहे. माणूस झोपला तर गादी पास. मालक जागे होते.”

कँटीनमधल्या दीडशे माणसांनी एकदम भिंतीकडे मान वळवली.

एकोणीस वर्षं जपलेली गोष्ट एका पेटीनं सगळ्यांसमोर चव्हाट्यावर मांडली होती, आणि तीही इतक्या आदरानं, की तिच्यावर रागावताही येईना. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. ते चार पावलं पुढे आले आणि मालकांनी सोडलेल्या गादीच्या काठावर बसले.

“हो साहेब, मी झोपतो,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून झोपतो. मला दुसरं काही येत नाही. कोन आणि भार वगैरे सगळं पाठ केलेलं आहे. वाईट गादीवर मला झोप येत नाही, एवढंच काय ते माझं कसब. हा महिनाभर झोप आली नाही ती नोकरी जाणार म्हणून. गाद्यांचा काही दोष नाही.” मग ते गर्दीत बघून म्हणाले, “मास्तर, तुझी शिलाई चांगली आहे. माझं चुकलं.”

मास्तरांनी नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं.

पाठवाल्यांना वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. जायची ती नोकरी गेली, व्हायची ती शोभा झाली, लपवायला काही उरलं नाही. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. बसल्या बसल्या त्यांनी पाठ जरा टेकवली. मालकांना अजून काहीतरी सांगायचं होतं, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मालकांच्या देखत, भरदिवसा, पाठवाले घोरायला लागले.

“पास,” जावईबापू म्हणाले.

मालक त्यांना हलवायला वाकले, तेवढ्यात मॅनेजरबाईंनी पुढे होऊन मालकांचा चक्क हात धरला. एरवी त्यांनी हे धाडस स्वप्नातही केलं नसतं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, की महिन्याभरात पहिली गादी पास झाली आहे, आता काही झालं तरी ह्यांना उठवायचं नाही. त्यांनी चार हमालांना खूण केली. हमालांनी चादरीचे चार कोपरे धरले, पाठवाल्यांना अलगद उचललं आणि चौथ्या गादीवर ठेवलं. पाठवाल्यांनी कूस बदलली आणि घोरणं चालू ठेवलं. पास. पाचव्या गादीवर त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. पास. सगळा कारखाना चपला काढून, अनवाणी, एकेक गादी पुढे सरकत होता. कोणाला तरी शिंक आली तर मास्तरांनी त्याचं नाक दाबून धरलं. मालकही बूट हातात घेऊन चालत होते आणि त्याचं त्यांना भान नव्हतं. सहावी पास.

सातव्या गादीवर ठेवल्याबरोबर पाठवाल्यांचं घोरणं थांबलं. त्यांनी उजवीकडे वळून बघितलं, डावीकडे वळून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोळे उघडले.

“ही नाही,” ते झोपाळलेल्या आवाजात कुरकुरले. “डाव्या खांद्याखाली काही भरलंय की नाही हिच्यात?” मग त्यांना भोवतीचे दीडशे चेहरे दिसले आणि ते धडपडून उठून बसले.

“नापास,” जावईबापू म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी मालकांना सांगितलं, की सकाळी सगळे यायच्या आधी त्यांनीच या गादीची डावी बाजू थोडी उसवून आतलं बरंचसं भरण काढून घेतलं होतं आणि परत शिवून टाकलं होतं. परीक्षा म्हटल्यावर एक तरी खोटी गादी हवी, म्हणून. कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी गादी उसवून बघितली. डाव्या खांद्याच्या जागी हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला.

मालकांनीही त्या भोकात हात घालून बघितला. मग म्हणाले, “पेटी राहू दे. लिहिण्याचं काम ती करेल. पण शिक्के यांच्याकडे, आणि यांना उभं करायचं नाही. कधीच नाही. समजलं?”

“समजलं,” जावईबापू म्हणाले. यावेळी ते ऐकून पाठवाल्यांना बरं वाटलं.

मास्तर गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी पाठवाल्यांच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. हमालांनी शिट्ट्या मारल्या. मालकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, खुर्ची मागवली आणि ते म्हणाले, की अजून तेरा गाद्या बाकी आहेत, त्या उरकून घेऊ, ट्रक बाहेर उभे आहेत. पाठवाले आज्ञाधारकपणे आठव्या गादीवर आडवे झाले. दिवे बंद केले, पडदे ओढले, दीडशे माणसांनी श्वास रोखून धरला.

दहा मिनिटं गेली. मग वीस गेली.

“नापास,” जावईबापू म्हणाले.

मालकांनी पेटीला गप्प बस म्हटलं आणि वाकून बघितलं. पाठवाले उताणे पडले होते. डोळे टक्क उघडे होते, तोंडभर हसू होतं आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत जात होतं.

“साहेब, गादी चांगली आहे,” ते म्हणाले. “पण आज काही झोप यायची नाही. आज मला फार आनंद झालाय.”